पान एकशे बारा

रविवारी रात्री ओटा पुसून झाला की
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी सात घरं आखते.
सोमवार : दुधी (अप्पांसाठी; बाकीचे तोंड वाकडं करतील).
मंगळवार : मटकी, म्हणजे ती आत्ताच भिजत घालायला हवी,
म्हणजे उठायला हवं.
उठते. पुस्तक पालथं ठेवते पिठाच्या डब्यावर.
असा त्याचा कणा मोडतो, असं श्रीरंग सांगतो,
ज्यानं लग्नापासून एकही पुस्तक सुलटंसुद्धा धरलेलं नाही.

सहकारनगरच्या वाचनालयातली कादंबरी.
चौदा दिवसांची मुदत, त्यातले नऊ गेले,
आणि तिच्यातली बाई अजून फलाटावर उभी, हातात पत्र्याची पेटी.
थांब गं, तिसरी शिट्टी होऊ दे, मी म्हणते.
ती थांबते.
घरातलं कुणी असतं तर दोनदा विचारून गेलं असतं.

माझं वाचणं असं :
पोळी फुगेपर्यंत अर्धं वाक्य,
कर्ता एका पोळीत, क्रियापद पुढच्या.
मुक्ता म्हणते, आई, सरळ कानात घालून ऐक ना.
पण कान मला मोकळे लागतात.
दूध उतू जाण्याआधी बारीक आवाज करतं,
तो या घरात मला एकटीलाच येतो.

बुधवारी, पान एकशे बारावर, एक चिठ्ठी निघाली.
लाँड्रीच्या पावतीची मागची बाजू, निळी शाई,
घाईतही वेलांट्या पुऱ्या काढणारं अक्षर :

सोम – मेथी, मूगडाळ घालून
मंगळ – उसळ (यांची वेगळी, बिनतिखट)
बुध – अळू, मिळालं तर
गुरु – पाणी नाही. एकच कुकर.
शुक्र –

शुक्रवारपुढे नुसती रेघ,
आणि रेघेच्या टोकाला हळदीचं बोट.

मग उलटं चाळत गेले.
पान अठरा, पान चाळीस, पेटी भरण्याच्या प्रसंगात तर तीनदा :
पिवळे ठसे. मला वाटलं होतं, माझेच.
माझी हळद गडद आहे, बार्शीहून वन्संनी पाठवलेली.
हे फिके कुणा दुसरीचे.
आणि एकशे बारानंतर पानं कोरी,
कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या.

काय झालं असेल शुक्रवारी?
पाहुणे आले, ताप आला, मुदत संपली.
की ‘यांना’ काही झालं?
मी भाजी निवडता निवडता तिची काळजी करत बसले,
फलाटावरच्या बाईची राहिलीच.

गुरुवारी आमच्याकडेही पाणी नव्हतं.
तिच्या यादीतलंच केलं : खाली भात, मध्ये वरण,
वरच्या भांड्यात दुधी, सोमवारचा उरलेला.
घासायच्या भांड्यांची वीस मिनिटं वाचली.
वीस मिनिटं म्हणजे अकरा पानं,
बसून वाचली तर.
बसून वाचली. गॅलरीत, दोन्ही हातांत पुस्तक धरून;
खालून तळजाईला निघालेली माणसं जात होती,
कुणाच्या तरी कुत्र्यानं वर पाहिलं.
अप्पा दारात येऊन म्हणाले, “बरं नाही का गं तुला?”

रात्री श्रीरंग फ्रीजसमोर उभा. “उद्याचं घर रिकामं ठेवलंयस.”
“उद्या पान एकशे तेवीस.”
“ते कशाशी खातात?”
“दह्याशी,” मी म्हटलं.
तो हसला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला,
“पोहे मला येतात. मीठ तेवढं सांग किती.”

पुस्तक दोन दिवस उशिरा परत केलं, दंड भरून.
चिठ्ठी होती तिथेच ठेवली, एकशे बारावर.
फक्त शुक्रवारच्या रेघेपुढे, पेन्सिलीनं, बारीक :
पोहे (खारट).
बाई गाडीत चढली. तुम्ही पुढे वाचा.